दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहात मुलीला एकटीला ठेवणं सुरक्षित आहे का?

खुशाल पाठवा. दापोली लहान गाव आहे, अनोळखी माणूस चटकन नजरेत भरतो. पण आवार मोठं आणि झाडीचं. पावसाळ्यात वारा सुटला की लाईट जाते, ती कधी येईल याचा नेम नाही. म्हणून खिशात बॅटरी हवीच, मोबाईलची नव्हे, वेगळी. अंधारात विंचू-सापही दिसतात. आडवाटेने एकटीने जायचं नाही, आणि मुंबई-पुण्याहून येताना दिवसाउजेडी पोचेल अशीच एसटी धरायची.

चोऱ्या होतात त्या बहुतेक आपल्याच ढिलाईने: चार्जिंगला लावून सोडलेला फोन, हँडल लॉक न केलेली स्कूटर.

रॅगिंगबद्दल मात्र गप्प बसू नका. महाराष्ट्रात 1999 पासून कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. देशभराची मोफत हेल्पलाईन 1800-180-5522. लैंगिक छळाची तक्रार कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे, शक्यतो तीन महिन्यांच्या आत, लेखी. पोलिसांसाठी 112. हद्दीचं कारण सांगून कुठलंही ठाणं गुन्हा नोंदवायला नकार देऊ शकत नाही, तिथे झिरो एफआयआर होतो. ‘आधी आपसात मिटवा’ म्हणणारे भेटतातच, त्यांचं ऐकू नका.

खरं सांगायचं तर मला जास्त धास्ती समुद्राची वाटते. रविवारी पोरं मुरुड-कर्द्याला जातात. घाटावरच्या पोराला नदीत पोहता येत असलं तरी ओहोटीची ओढ कळत नाही. पावसाळ्यात पाण्यात उतरायचंच नाही, एवढं तिला बजावून ठेवा.