गुलमर्गची पहिली हिवाळी सहल: आधी एवढेच पाहा

आई-वडील आणि सहा वर्षांची मुलगी यांना घेऊन जानेवारीत गुलमर्गला जाण्याचा आपला बेत उत्तम आहे. फक्त सारे एकाच दिवसात बसवण्याचा मोह टाळावा.

गोंडोलाचे, म्हणजे तिथल्या रोपवेचे, दोन टप्पे आहेत. पहिला टप्पा सुमारे २,६५० मीटरवरील गुलमर्गहून कोंगदूरीला नेतो, तर दुसरा अफरवत पर्वताच्या उतारावर ३,९०० मीटरपेक्षाही उंच जातो, जिथे हवा विरळ असल्यामुळे ज्येष्ठांना आणि लहान मुलांना धाप लागणे, डोके दुखणे असे त्रास होऊ शकतात. माझ्या मते आपल्या कुटुंबाला पहिला टप्पा पुरेसा आहे, आणि बर्फातला खरा आनंदही मुलांना कोंगदूरीलाच मिळतो.

नवखे लोक हमखास करतात त्या चुका अशा:

- गोंडोलाचे तिकीट तिथे जाऊन काढू, असे समजणे. ते निघण्यापूर्वीच ऑनलाइन काढावे.
- श्रीनगरहून एका दिवसात जाऊन येणे. जोराचा वारा सुटला की गोंडोला बंद ठेवतात, म्हणून गुलमर्गला दोन रात्री तरी राहावे.
- जीन्स आणि सुती मोजे घालणे. ते भिजले की लवकर वाळत नाहीत; लोकरीचे मोजे घ्यावेत, गमबूट भाड्याने मिळतात.

ताज्या बर्फात वाटेतल्या तंगमर्ग गावाच्या पुढे चाकांना साखळ्या लावलेली गाडी लागते, त्याची चौकशी आदल्या दिवशीच करावी. चालण्यासाठी सेंट मेरी चर्चकडची वाट निवडावी. सकाळी ती घसरडी असते, तेव्हा आईंना काठी अवश्य द्यावी.