पेडोच्या (लहान मुलांच्या दंतविभागातल्या) पोस्टिंगला जाण्याआधी

स्वमग्न मूल पहिल्यांदा खुर्चीत बसेल तेव्हा तुझा हात थरथरेल. माझाही थरथरला होता. पहिल्या भेटीत ड्रिल हातात घ्यायचंच नाही, असं ठरवूनच जा. आदल्या दिवशी आईला फोन कर: कोणत्या आवाजाला घाबरतो, काय आवडतं? सकाळची पहिली वेळ दे, बाहेर ताटकळण्यातच निम्मी मुलं बिथरतात. आरसा आधी नखावर टेकव, मग दातावर. आधी सांगा, मग दाखवा, मग करा ही पद्धत पुस्तकात एका ओळीत संपते, इथे कधीकधी तीन भेटी जातात. आणि एअरोटरपेक्षा (हवेवर फिरणाऱ्या ड्रिलपेक्षा) लाळ ओढणाऱ्या सक्शनचा आवाज काहींना जास्त झोंबतो, हे मला फार उशिरा कळलं.

डाऊन सिंड्रोम असेल तर आधी हृदयाची चौकशी. जन्मजात दोष असल्यास हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय स्केलिंगही (दातांवरचा थर काढणंही) नको. मान जोरात मागे वाकवू नकोस, वरचे मणके सैल असू शकतात. फिटसाठी फेनिटॉइन हे औषध चालू असेल तर हिरड्या त्यानेही वाढतात; त्याचं खापर आईच्या ब्रशिंगवर फोडू नकोस.

सेरेब्रल पाल्सीत बाइट ब्लॉकला (तोंड उघडं ठेवणाऱ्या ठोकळ्याला) दोरा बांध. रुग्ण अडखळत बोलतो म्हणून त्याला वगळून आईशी बोलू नकोस. मी एकदा तसं केलं, तर तो पठ्ठ्या सावकाश म्हणाला, "डॉक्टर, दात माझा आहे."