जर्मनीत माणसं मिळत नाहीत म्हणतात, मग तिथे ३० लाख बेरोजगार कसे? कोणता आकडा धरायचा?

तुम्ही लिहिलंय की आयटीआय झालंय, जर्मनीला जायचं डोक्यात आहे. पण एका साइटवर तिथली बेरोजगारी ६.४ टक्के दिसते, दुसरीवर ३.७ आणि भारताची ३.२. मग काम आपल्याकडेच जास्त आहे की काय, असा तुमचा प्रश्न. मी स्टुटगार्टमध्ये राहते आणि दिवसभर असल्याच तक्त्यांत डोकं घालून बसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जर्मनीचे दोन्ही आकडे ऑगस्ट २०२५ चे आहेत आणि दोन्ही खरे आहेत. ६.४ हा इथल्या रोजगार कार्यालयाचा. तिथे नाव नोंदवलेल्यांची ती मोजदाद, आणि ती त्या महिन्यात दहा वर्षांनी पुन्हा ३० लाखांवर गेली. ३.७ हा युरोस्टॅटचा, म्हणजे युरोपियन युनियनच्या सांख्यिकी कार्यालयाचा. तो लोकांना प्रश्न विचारून, आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) व्याख्येप्रमाणे काढतात.

फरक कुठे पडतो ते माझ्या घरातच बघायला मिळालं. माझ्या रूममेटची नोकरी गेली होती. तिने कार्यालयात नाव नोंदवलं आणि सकाळी एका बेकरीत ब्रेड विकायला जायला लागली, आठवड्याला दहा तास. आठवड्याचं काम १५ तासांच्या आत असेल आणि तुम्ही नोकरी शोधत असाल, तर इथला कायदा तुम्हाला बेरोजगारच धरतो. आयएलओचं म्हणणं, आठवड्यात पैशासाठी एक तास जरी काम केलं तरी तुम्ही कामावर. त्याच सुमारास आमच्याकडे मिक्रोत्सेन्सुसचं पत्र आलं, म्हणजे ज्या सरकारी घरोघरच्या पाहणीतून हा आयएलओवाला आकडा निघतो तिचं. दरवर्षी साधारण शंभरातल्या एका घराला येतं आणि उत्तर देणं सक्तीचं असतं. त्यात तो एक तासाचा प्रश्न होता. तिने ‘हो’वर खूण केली आणि मला म्हणाली, "बघ, लागली मला नोकरी!" बाई एकच, एका तक्त्यात बेरोजगार, दुसऱ्यात कामाला.

आता आपले ३.२. हा पीएलएफएसचा, म्हणजे भारत सरकारच्या श्रमशक्ती पाहणीचा २०२३-२४ चा आकडा आणि तो वर्षभराच्या परिस्थितीवरून काढलेला आहे. वर्षात ३० दिवस जरी काही काम केलं असेल तरी माणूस रोजगारात धरला जातो. त्याच पाहणीत फक्त मागचा आठवडा धरला की दर ४.९ होतो. माझा मावसभाऊ तासगावला असतो. बीकॉम झालाय, तलाठी भरतीचे फॉर्म भरतो आणि छाटणीच्या दिवसांत वडिलांच्या द्राक्षबागेत राबतो. पगार शून्य. घरात सगळे म्हणतात पोरगं रिकामं आहे, सरकारी हिशेबात मात्र ते स्वयंरोजगारात. त्या वर्षी कामावर असलेल्यांपैकी ५८.४ टक्के लोक स्वयंरोजगारातलेच होते. बेकार भत्ता नसलेल्या देशात रिकामं बसणं परवडतं कोणाला? म्हणूनच आयएलओच्या अंदाजात नायजरची बेरोजगारी एक टक्क्याच्याही आत दिसते आणि स्पेनची दहाच्या वर. नायजरला कोणी नोकरी शोधायला जात नाही.

देशादेशांची तुलना करायचीच असेल तर निदान एकाच जातीचे आकडे घ्या. वर्ल्ड बँकेच्या साइटवर एकाच देशाच्या दोन ओळी असतात, ‘मॉडेल्ड आयएलओ एस्टिमेट’ आणि ‘नॅशनल एस्टिमेट’. तुलनेला पहिली बरी. फक्त ज्या वर्षी त्या देशात पाहणीच झाली नसेल, तिथे तो आकडा मॉडेलने भरलेला असतो हे ध्यानात ठेवा.

पण खरं सांगू? तुमच्या कामाचे यातले कुठलेच आकडे नाहीत. ३० लाख बेरोजगार आणि माणसांची टंचाई एकाच वेळी असू शकते, कारण बेरोजगारांपैकी निम्म्याहून जास्त लोक हेल्परची कामं शोधणारे आहेत आणि जागा बहुतेक शिकलेल्या कारागिरांच्या. रोजगार कार्यालय दरवर्षी व्यवसायवार टंचाईची यादी काढतं. जागा किती दिवस रिकामी राहते, एका जागेमागे किती बेरोजगार आहेत, पगार किती वाढले, असं सगळं बघून. २०२४ च्या यादीत १६३ व्यवसाय होते. नर्सिंग, वृद्धांची देखभाल, इलेक्ट्रिशियन, हीटिंग-प्लंबिंग हे त्यात नेहमीचे.

दुसरं, राज्य बघा. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला तो आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी. इथे नोंदणीकृत बेरोजगारी साडेचारच्या आसपास आहे, ब्रेमेनमध्ये ११ च्या वर. मात्र इथेही गाड्यांच्या सुट्या भागांचा धंदा मंदावलाय. झेडएफ या सुटे भाग बनवणाऱ्या मोठ्या कंपनीने २०२८ च्या अखेरपर्यंत जर्मनीतल्या ११,००० ते १४,००० जागा कमी करायचं २०२४ मध्येच जाहीर केलं होतं. त्यामुळे टर्नर-फिटर असाल आणि "तिकडे सगळे कारखानेच आहेत" म्हणून येत असाल, तर आधी नीट चौकशी करा. इलेक्ट्रिशियन किंवा प्लंबर असाल तर आजच जर्मनच्या क्लासला नाव घाला, बी१ या मधल्या पातळीपर्यंत पोचायलाच वर्ष जातं.

तुमचा ट्रेड कुठला ते प्रश्नात नाही. तो आणि कामाची वर्षं खाली लिहा, त्या व्यवसायाची ओळ काढून देते.