क्रिप्टोमेटरच्या (फाइली सांकेतिक करून क्लाउडवर ठेवणारं ॲप) वॉल्टमध्ये, म्हणजे कुलूपबंद फोल्डरात, डिलीट केलेले फोल्डर क्लाउड ड्राइव्हवर अजून दिसतात, हातानं उडवू का?

नका उडवू. मी एकदा उडवले होते. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या आमच्या हळदीच्या पेढीचा एक जिवंत फोल्डर त्यात गेला, आणि मार्चअखेरीची बिलं पुन्हा गोळा करत बसलो.

गंमत अशी आहे की वॉल्टमधला तुमचा एक फोल्डर क्लाउडवर दोन ठिकाणी असतो. एका जागी 'डिर.सी९आर' ही छोटी फाइल, जणू चिठ्ठीच, तिच्यात फक्त ओळखक्रमांक. खरा माल 'डी' नावाच्या फोल्डरच्या आत २ अक्षरी नावाच्या फोल्डरमध्ये, त्याच्या आत ३० अक्षरी नावाच्या फोल्डरमध्ये. ऑफिसच्या पीसीवर डिलीट मारलंत आणि सिंक अर्धवट असताना लाइट गेली, तर चिठ्ठी जाते, माल राहतो. तोच हा अनाथ फोल्डर. नावावरून मात्र अनाथ कोण नि चालू कोण, काही कळत नाही.

तेव्हा आधी दोन्ही मशीनवर सिंक पूर्ण होऊ द्या, वॉल्ट लॉक करा आणि अख्खा वॉल्ट पेन ड्राइव्हवर कॉपी करा. कंटाळा आला तरी ही कॉपी चुकवू नका. मग डेस्कटॉप ॲपमध्ये वॉल्टच्या पर्यायांत 'हेल्थ चेक' आहे, तो चालवा. पासवर्ड मागेल. अनाथ फोल्डर सापडले की 'फिक्स' करा. आतला माल वॉल्टमध्येच वेगळ्या फोल्डरात येतो. उघडून बघा, नको ते तिथूनच डिलीट करा. फाइलींची मूळ नावं दर वेळी परत मिळतीलच असं नाही.

२ अक्षरी फोल्डर नुसता रिकामा असेल तर राहू द्या, जागा खात नाही.