स्वायत्त की स्वतंत्र? निवडणूक आयोगाला कोणतं विशेषण लावावं

नाशिकच्या सिडको भागातल्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलं आहे: शाळेत राष्ट्रीय मतदार दिनाचा फलक लिहायचा होता. त्यांनी कच्च्या मजकुरात ‘निवडणूक आयोग ही स्वायत्त संस्था आहे’ असं लिहिलं. एका सहकाऱ्यानं ‘स्वायत्त’ खोडून ‘स्वतंत्र’ केलं. मुख्याध्यापकांनी ‘निष्पक्ष लिहा’ म्हणून सुचवलं, त्यावर कुणी ‘तो हिंदी शब्द आहे’ म्हणालं. शेवटी फलकावर ‘घटनात्मक’ लिहून वेळ मारून नेली. तर बरोबर काय?

मी खोडणाऱ्या सहकाऱ्याच्या बाजूचा आहे. शब्दकोश उघडला तर ‘स्वायत्त’ला चूक म्हणता येणार नाही, वर्तमानपत्रांत तर ‘स्वायत्त घटनात्मक संस्था’ हा जोड इतका रुळला आहे की तो आता एकच शब्द वाटतो. तरीही निवडणूक आयोगासाठी मला तो तोकडा वाटतो.

‘आयत्त’ म्हणजे अधीन, अवलंबून. दैवायत्त म्हणजे दैवाधीन. तसा स्वायत्त म्हणजे स्वतःच्याच अधीन. इथवर सगळं छान आहे. पण शब्दाचा स्वभाव व्युत्पत्तीत कमी आणि तो कोणत्या क्रियापदांच्या संगतीत वावरतो त्यात जास्त कळतो. स्वायत्तता मराठीत काय करतात? ‘देतात’, ‘बहाल करतात’, ‘वाढवतात’, ‘काढून घेतात’. म्हणजे देणारा कुणीतरी वर बसलेला आहे, हे गृहीतच. महाविद्यालयांच्या पाट्यांवर नावापुढे कंसात ‘स्वायत्त’ असतं, ते विद्यापीठ अनुदान आयोगानं दिलेलं असतं, आणि मुदतीचं असतं. साहित्य अकादमी ही संस्कृती मंत्रालयाच्या अखत्यारीतली स्वायत्त संस्था आहे. सरकारी कागदांत तर ‘मंत्रालयाच्या अधीन असलेली स्वायत्त संस्था’ असा प्रयोग सर्रास सापडतो. अधीन आणि स्वायत्त एकाच वाक्यात सुखानं नांदतात आणि कुणाला हसू येत नाही!

दुसरी खूण विभक्तीची. ‘स्वतंत्र’ला ‘पासून’ चालतो: ‘न्यायव्यवस्था सरकारपासून स्वतंत्र असावी.’ आता ‘सरकारपासून स्वायत्त’ म्हणून पाहा. जीभ अडखळते. स्वायत्त हा शब्द संस्थेला आत किती मोकळीक आहे ते सांगतो, पण ती कुणापासून मोकळी आहे ते सांगत नाही. निवडणूक आयोगाच्या बाबतीत नेमका तोच प्रश्न कळीचा आहे, कारण ज्यांची निवडणूक घ्यायची त्यांतला एक पक्ष त्या वेळी सत्तेत बसलेला असतो. नियम करणारा, पैसा देणारा, माणसं देणारा तोच.

नाशिककरांना याचं उदाहरण लांब शोधायला नको. महापालिकेला आपण ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ म्हणतो, तशीच ‘स्थानिक स्वायत्त संस्था’ही म्हणतो. त्याच पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षं राजीव गांधी भवनात, म्हणजे पालिकेच्या मुख्यालयात, नगरसेवक नव्हते, सरकारनं नेमलेला प्रशासक होता. राज्यघटनेचा अनुच्छेद २४३-यू सांगतो की मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात अडकले, मुदत टळली, शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं. या काळात पालिका ‘स्वायत्त’ नव्हती असं कुणी लिहिल्याचं मला आठवत नाही. शब्द इतका ताणला जाऊनही तुटला नाही, म्हणजे तो मुळातच सैल असणार.

प्रभागरचनेवरून आठवलं. वर्षानुवर्षं पालिकेचे प्रभाग कसे पाडायचे हे राज्य निवडणूक आयोग (पालिकांच्या निवडणुका घेणारा, दिल्लीच्या आयोगाहून वेगळा) ठरवत होता. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळानं कायदा बदलून तो अधिकार सरकारकडे घेतला. कोणती गल्ली कोणत्या प्रभागात, हे ठरवण्यात निवडणुकीचा अर्धा निकाल दडलेला असतो, हे पंचवटीतल्या कोणत्याही चहाच्या टपरीवर कळेल. आता हा बदल शब्दांत कसा मांडाल? ‘आयोगाची स्वायत्तता कमी केली’ म्हटलं तर तो प्रशासकीय फेरफार वाटतो, खाती इकडची तिकडे केल्यासारखा. ‘आयोगाचं स्वातंत्र्य कमी केलं’ म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, कुणी केलं? हा दुसरा प्रश्न पडायला हवा, म्हणून दुसरा शब्द.

इथे ‘स्वतंत्र’चंही एक वैगुण्य सांगायला हवं, नाहीतर एकतर्फी वकिली होईल. मराठीत या शब्दाचा रोजचा अर्थ ‘वेगळा’ असा आहे. स्वतंत्र खोली, महिलांसाठी स्वतंत्र रांग. ‘राज्यमंत्री, स्वतंत्र कार्यभार’ यातला मंत्री कुणापासून स्वतंत्र नसतो, त्याच्या डोक्यावर त्या खात्याचा कॅबिनेट मंत्री नसतो एवढंच. तेव्हा ‘आयोग स्वतंत्र आहे’ या वाक्याचा ‘त्याचं कार्यालय वेगळ्या इमारतीत आहे’ असाही सोयीस्कर अर्थ कुणी काढू शकतो. गोव्यात तर कार्यालयही नीट वेगळं राहिलं नव्हतं. राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार तिथे सरकारच्या विधी सचिवाकडेच दिला होता. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, सरकारी पदावर असलेला माणूस या पदावर बसू शकत नाही, असं ठणकावलं. सचिव म्हणून सरकारला सल्ला द्यायचा आणि आयुक्त म्हणून त्याच सरकारला जाब विचारायचा, हे एका खुर्चीत बसत नाही. म्हणून मी सुचवेन की ‘स्वतंत्र’ लिहिताना शक्य तिथे ‘सरकारपासून’ हा शब्द जोडावा. गैरसमजाला मग जागा उरत नाही.

गंमत अशी की राज्यघटनेच्या ज्या अनुच्छेद ३२४ मधून आयोगाला सगळं बळ मिळतं, त्यात हे दोन्ही शब्द नाहीत. मतदारयाद्या आणि निवडणुका यांची देखरेख, निर्देशन आणि नियंत्रण आयोगाकडे असेल, एवढंच त्यात म्हटलं आहे. ‘स्वायत्त’ भेटतो तो सहाव्या अनुसूचीत, ईशान्येकडच्या स्वायत्त जिल्ह्यांच्या संदर्भात, आणि तिथे त्याचा अर्थ अगदी चपखल आहे. निवडणूक आयोगाचं स्वातंत्र्य घटनेनं विशेषणात ठेवलं नाही, तरतुदींत ठेवलं: मुख्य निवडणूक आयुक्ताला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढतात त्याच रीतीनं काढता येईल, आणि नेमणुकीनंतर त्याच्या सेवाशर्ती त्याला तोट्याच्या होतील अशा बदलता येणार नाहीत.

पण दार पूर्ण लागलं नाही. जून १९४९ मध्ये संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली तेव्हा शिब्बनलाल सक्सेना आणि हृदयनाथ कुंझरू या सदस्यांनी बोट ठेवलं ते नेमणुकीवर. सक्सेनांचं म्हणणं, नेमणूक संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या दोनतृतीयांश बहुमतानं मान्य व्हावी. डॉ. आंबेडकरांनी उत्तर देताना आक्षेपात तथ्य आहे हे मान्य केलं. कार्यकाल कितीही सुरक्षित केला तरी एखादा मूर्ख, लबाड किंवा सरकारच्या मुठीत राहणारा माणूस नेमला जाऊ नये अशी तरतूद घटनेत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मूळ इंग्रजीत ‘अंगठ्याखाली’ असा वाक्प्रचार आहे. मराठीत अंगठा सही न येणाऱ्याचा, नाहीतर नकार देणाऱ्याचा. ताबा दाखवायला आपल्याकडे मूठ आहे. आणि त्याहून झणझणीत हवं असेल तर ‘ताटाखालचं मांजर’ आहेच. तो फलकावर नको, चहाच्या टपरीवर चालेल.

नेमणुकीसाठी संसदेनं कायदा करावा, अशी सोय अनुच्छेद ३२४ मध्येच होती. तो कायदा सत्तरहून अधिक वर्षं झाला नाही. २ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सांगितलं की कायदा होईपर्यंत पंतप्रधान, लोकसभेतले विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांची समिती नावं सुचवेल. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा आला, आणि समितीत सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नेमलेला एक केंद्रीय मंत्री बसला. तिघांत दोघे सरकारचे. कायदा झाला हे बरंच, पण हे गणित चौथीतल्या मुलालाही सुटेल. माझ्या मते ‘स्वतंत्र’ या शब्दाला आज सर्वांत जास्त धोका इथे आहे, काढण्याच्या रीतीत नाही.

पैशाच्या बाबतीत मराठीनं दोन सुंदर पारिभाषिक शब्द घडवले आहेत आणि ते अर्थसंकल्पाच्या पुस्तकांबाहेर कुणी वापरत नाही: भारित आणि दत्तमत. भारित खर्च संचित निधीवर, म्हणजे सरकारच्या मुख्य खजिन्यावर, थेट टाकलेला असतो, सभागृह त्यावर चर्चा करू शकतं, मत देत नाही. दत्तमत खर्च मत देऊन मंजूर होतो. सर्वोच्च न्यायालय आणि महालेखापरीक्षक यांचा खर्च भारित आहे. निवडणूक आयोगाचा नाही. आयोगाचा खर्च भारित करावा अशी मागणी मात्र झालेली आहे. पुढच्या वर्षी फलक कराल तेव्हा हे दोन शब्द मुलांना जरूर सांगा.

आता ‘निष्पक्ष’. तो हिंदी म्हणून टाकायचं कारण नाही. निः आणि पक्ष यांचा संस्कृत संधी नियमानुसार निष्पक्ष असाच होतो. मराठीत मात्र ‘निःपक्षपाती’ अधिक मुरलेला आहे आणि मी तोच वापरतो. पण हा ‘स्वतंत्र’चा पर्याय नव्हे. स्वतंत्र ही संस्थेची स्थिती, निःपक्षपाती हे तिचं वागणं. स्वतंत्र संस्था पक्षपात करू शकते. उलट सरकारच्या कलानं चालणारा एखादा अधिकारी एखाद्या प्रकरणात निःपक्षपाती निकाल देऊनही जातो, फक्त त्याची हमी नसते. याच घरातला ‘अपक्ष’ मात्र उमेदवारासाठी राखीव आहे, आयोगाला चुकूनही लावू नका.

काही जण ‘तटस्थ’ लिहितात. तटावर उभा राहिलेला तो तटस्थ. आयोगानं काठावर उभं राहून चालत नाही. आपल्या गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती जसा पात्रातच उभा असतो आणि पूर किती आला हे सगळं शहर त्याच्यावरून मोजतं, तसं हे काम आहे. (‘दुतोंड्या’चा दुसरा अर्थ इथे लावू नये ही विनंती.)

आणखी एक, कारण या प्रश्नातून तो गोंधळ डोकावतो. ‘राज्य निवडणूक आयोग’ हा राज्य सरकारचा आयोग नव्हे, आणि दिल्लीच्या आयोगाची शाखाही नव्हे. पालिका, जिल्हा परिषदा, ग्रामपंचायती यांच्या निवडणुका तो घेतो. विधानसभा-लोकसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो. राज्य निवडणूक आयुक्त राज्यपाल नेमतात, पण काढायचं तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याचीच रीत. विधानसभेच्या वेळी बातम्यांत दिसणारे ‘मुख्य निवडणूक अधिकारी’ हे तिसरेच, ते भारत निवडणूक आयोगाचे राज्यातले अधिकारी. तुमचा फलक २५ जानेवारीचा, म्हणजे १९५० साली भारत निवडणूक आयोग स्थापन झाला त्या दिवसाचा, म्हणून त्यावर आयोगाचं पूर्ण नाव हवं. ‘भारत निवडणूक आयोग ही सरकारपासून स्वतंत्र असलेली घटनात्मक संस्था आहे’ असं लिहिलंत तर मुख्याध्यापकांचाही मान राहील. ‘आयोग ही’ की ‘आयोग हा’ यावर कुणी अडलं तर सांगा, ‘ही’ संस्थेशी जुळते आहे.