शिवकालीन तलवारींच्या प्रतिकृती जमवायच्या आहेत, चांगली वस्तू कशी ओळखायची?

तुम्ही विचारलंय की मराठेशाहीतल्या तलवारी, कट्यारी वगैरेंच्या प्रतिकृती जमवायला सुरुवात करायची आहे. ऑनलाइन शेकडो दिसतात, प्रत्येकीखाली ‘अस्सल शिवकालीन डिझाइन’, ‘फुल टँग’, ‘दमास्कस स्टील’ असं लिहिलेलं असतं, मग त्यातली घेण्यासारखी कोणती हे ठरवायचं कसं?

मला हा नाद बरीच वर्षं आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. विक्रेत्याला पोलाद, धार, किंमत यांच्याही आधी एक प्रश्न विचारा: ही नेमकी कशाची प्रतिकृती आहे? ‘शिवकालीन तलवार’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. सरळ, लांब पात्याची धोप आहे, युरोपीय पात्याची फिरंग आहे की वळत्या पात्याची तलवार आहे? मूठ कोणत्या घाटाची आहे? मूळ वस्तू कोणत्या संग्रहालयात किंवा कुणाच्या संग्रहात आहे? जो कारागीर मूळ शस्त्र समोर ठेवून, निदान त्याची मापं आणि फोटो घेऊन काम करतो, तो यावर तासभर बोलेल. बाकीच्यांकडे जे असतं ती तलवारीच्या आकाराची वस्तू असते. दिवाणखान्यात लावायला तीही चालेल, पण संग्रहात तिला जागा देऊ नका.

त्यामुळे पहिली खरेदी करण्याआधी अस्सल शस्त्रं बघून या, आणि नीट वेळ काढून बघा. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, साताऱ्याला आणि कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्येही शस्त्रं मांडलेली आहेत. लोक काचेसमोर उभं राहून मुठीवरची नक्षी बघतात आणि पुढे सरकतात. तुम्ही खाली वाका आणि पात्याची पाठ बघा, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड. मुठीपाशी ती चांगली जाड असते आणि टोकाकडे जाताना हळूहळू पातळ होत जाते. नजर एकदा या उतरत्या जाडीला सरावली की बाजारातल्या निम्म्याहून जास्त प्रतिकृती तुम्ही लांबूनच बाजूला काढाल.

कारण बहुतेक स्वस्त प्रतिकृती एकाच जाडीच्या पत्र्यातून कापलेल्या असतात. एका ओळखीच्यांनी गडाच्या पायथ्याच्या दुकानातून आणलेली ‘धोप’ मला दाखवायला आणली होती. कॅलिपर लावलं तर मुठीजवळ ५ मिलिमीटर आणि टोकापासून चार बोटं अलीकडेही ५ मिलिमीटर. वजन दोन किलोच्या आसपास. हातात घेतल्याबरोबर टोक जमिनीकडे ओढायला लागलं. अस्सल तलवारींचं वजन साधारण ८०० ग्रॅम ते सव्वा किलोच्या दरम्यान सापडतं. लांब पात्याची, मोठ्या मुठीची फिरंग थोडी जास्त भरते. घोड्यावर बसून दिवसभर वागवायचं हत्यार आहे ते. जुन्या काळची माणसं दहा-दहा किलोच्या तलवारी फिरवायची असं कुणी सांगायला लागलं, तर त्यांना संग्रहालयातल्या नोंदी वाचायला सांगा. आपल्या लोकांचं मोठेपण हत्याराच्या वजनात शोधण्याची खरंच गरज नाही. ती हत्यारं किती विचारपूर्वक घडवलेली होती, हे समजून घेतलं तर अभिमान जास्तच वाटतो.

म्हणून ऑनलाइन घेताना तीन मापं लेखी मागा: एकूण वजन, मुठीपाशी आणि टोकापाशी पात्याची जाडी, आणि तोल कुठे साधतो. तोल म्हणजे तलवार एका बोटावर आडवी ठेवली की मुठीपासून किती अंतरावर ती स्थिर राहते ते. पात्याच्या निम्म्याच्या आसपास स्थिर राहत असेल तर ती पट्टी आहे, पातं नाही.

आता ‘फुल टँग’बद्दल, म्हणजे पात्याचाच भाग मुठीच्या शेवटापर्यंत गेलेला असणं. हे शब्द चाकूंच्या आणि युरोपीय, जपानी तलवारींच्या जगातून आलेत आणि आपल्याकडे सरसकट चिकटवले जातात. आपल्या तलवारीची मूठ ही लोखंडाची, आतून पोकळ अशी वेगळी वस्तू असते. पात्याची शेपटी, म्हणजे मुठीत जाणारा भाग, आखूड आणि रुंद असते. ती मुठीत घालून लाखेच्या मिश्रणाने पक्की बसवतात. शिकलगारांच्या, म्हणजे हत्यारांना धार-जिल्हई करणाऱ्यांच्या, घरांतून हे काम पिढ्यान् पिढ्या झालेलं आहे. मूठ तापवली की लाख मऊ होते, पातं निघतं, दुसरं बसवता येतं. म्हणून जुन्या तलवारींमध्ये पातं एका काळातलं आणि मूठ दुसऱ्या काळातली हे सर्रास दिसतं. तेव्हा लाखेने बसवलेली आखूड शेपटी हा दोष नाही, उलट कारागिराला काम माहीत असल्याची खूण आहे. दोष कुठला, तर पात्याला मागे बारीक सळई वेल्डिंग करून ती मुठीतून आरपार काढायची आणि वर नट आवळायचा. अशी तलवार फिरवताना वेल्डिंगपाशी तुटते आणि पातं समोरच्याच्या अंगावर जातं. मूठ घट्ट धरून पात्यावर तळव्याने हलकेच थोपटा. आत खडखड जाणवली तर ती तलवार भिंतीवरसुद्धा नीट खिळवूनच लावा, कुणाच्या हातात देऊ नका. लाखेची मूठ असेल तर उन्हात तापणाऱ्या गाडीतही ठेवू नका, लाख मऊ पडते.

मुठीकडे आणखी दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे माप. जुन्या मुठी आजच्या हाताला लहान वाटतात, चार बोटं अगदी घट्ट बसतात. ते मुद्दाम केलेलं आहे: वरची कटोरी, म्हणजे मुठीच्या टोकाची वाटोळी चकती, मनगटाला टेकते, मनगट फार मोडत नाही आणि वार खांद्यातून, ओढून होतो. प्रतिकृतीत मूठ ऐसपैस केली की दिसायला तीच तलवार राहते, पण चालते वेगळी. दुसरी गोष्ट परज, म्हणजे बोटांवरून जाणारं संरक्षण. मराठा घाटाच्या फिरंगेला रुंद परज असते, आत हाताला लागू नये म्हणून गादी असते आणि कटोरीच्या वर गजासारखा दांडा निघतो, जो दुसऱ्या हाताने धरता येतो. स्वस्त प्रतिकृतीत गादी गायब असते आणि परजेच्या कडा बोटाला कापतील इतक्या कच्च्या सोडलेल्या असतात. हात घालून बघितल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून जमेल तेव्हा समक्ष जाऊन घ्या.

पोलादाचं थोडक्यात सांगतो. स्टेनलेस स्टील चमकतं, गंजत नाही, पण तलवारीच्या लांबीला ते ठिसूळ ठरतं. फक्त शोभेसाठी घ्या. चांगले कारागीर कार्बन पोलाद वापरतात, आपल्याकडे बऱ्याचदा गाडीच्या कमानपाट्याचं पोलाद. पण पोलादाच्या नंबरापेक्षा त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून, थंड करून ते कसं कडक केलंय, हे महत्त्वाचं. पाणी न दिलेलं पातं वाकवलं की वाकलेलंच राहतं. ‘दमास्कस’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा दोन प्रकारच्या पोलादांचे थर जोडून केलेलं असतं, किंवा साध्या पात्यावर ॲसिडने काढलेली नक्षी असते. दख्खनमध्ये, आजच्या तेलंगणातल्या कोनसमुद्रम भागात जे पोलाद मुशीत तयार व्हायचं, त्याची लहर धातूच्या घडणीतूनच उमटायची. तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तिन्हींची किंमत एक असू शकत नाही. सोन्याच्या कामाचंही तसंच. कोफ्तगरीत लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा कोरून त्यात सोन्याची तार ठोकून बसवतात. भिंगातून बघितलं तर जिथे सोनं झिजलंय तिथे त्या रेघा दिसतात. सोनेरी मुलाम्याखाली काहीच दिसत नाही.

फिरंगेचं एक उत्तम उदाहरण आता आपल्याकडे आलं आहे. राज्य सरकारने २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावातून नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली, ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिचे फोटो बारकाईने बघा. पातं सरळ, एकधारी आणि युरोपात घडलेलं. मूठ इथली, सोन्याचं कोफ्तगरी काम केलेली. आणि मजकूर कुठे आहे? पात्याच्या पाठीवर, देवनागरीत: ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. मालकाचं नाव, हुद्दा आणि हत्याराचा प्रकार, एवढंच. जर्मनीतल्या सोलिंगेनसारख्या गावांतली, स्पेन-इटलीतली पाती पोर्तुगीजांच्या आणि इतर व्यापाऱ्यांच्या हातून इथे यायची आणि आपल्या मुठींत बसवली जायची. आता बाजारातल्या प्रतिकृती बघा: पात्याच्या मधोमध लेझरने कोरलेली राजमुद्रा, खाली वाघाचं तोंड, मुठीवर रंगीत खडे. राजमुद्रा कागदपत्रांवर उमटवायची होती. महाराजांवरच्या प्रेमापोटी लोक हे घेतात, ते मला समजतं, मलाही ती मुद्रा बघून भरून येतं. पण तुम्हाला ऐतिहासिक प्रतिकृती हवी असेल तर असं पातं घेऊ नका.

तलवारींपलीकडे जायचं असेल तर कट्यारीपासून सुरुवात करा. लहान वस्तू आहे, दोष लगेच दिसतात. चांगल्या कट्यारीच्या पात्याला मधोमध उंच कणा असतो आणि टोक मुद्दाम जाड ठेवलेलं असतं, कारण ते चिलखतात शिरायचं असतं. सपाट पत्र्याची कट्यार म्हणजे नुसता आकार. पट्टा, म्हणजे हातावर चढणाऱ्या लोखंडी खोळीला जोडलेलं लांब पातं, घेताना आधी आपला हात त्या खोळीत घाला. आतला आडवा दांडा मुठीत आला आणि खोळ कोपराच्या अलीकडे नीट बसली तरच घ्या. पट्ट्याचं पातं लवचीक हवं, आणि तिथे पाणी दिलेलं नसेल तर ते लगेच उघडं पडतं. कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळाच्या आखाड्यांत जाऊन एकदा चालता पट्टा बघा, मग दुकानातल्या पट्ट्यांपैकी बरेच आपोआप गळतील.

एका गोष्टीबद्दल कळकळीने सांगतो. नवी तलवार ॲसिडमध्ये बुडवून, मातीत पुरून ‘वाड्यातून निघालेली’ म्हणून विकली जाते. अशा वस्तूवर गंजाचे खड्डे सगळीकडे सारखे असतात, मुठीच्या आत, जिथे लाख भरलेली असते तिथेही. काळपट थराखाली ग्राइंडरच्या समांतर रेघा दिसतात. खऱ्या जुन्या हत्यारावर झीज हात लागतो तिथे जास्त असते: मुठीच्या मध्यावर, परजेच्या आतल्या बाजूला, म्यानेच्या तोंडाशी घासणाऱ्या पात्यावर. आणि घराण्याची गोष्ट कितीही सुंदर सांगितली तरी कागद मागा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आली. ती साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे ब्रिटिशांचा तिथला प्रतिनिधी, जेम्स ग्रँट डफ याच्याकडे होती, ही नोंद आहे. तरीही १६५९ मध्ये अफजलखानाविरुद्ध वापरलेली तीच ही, याची खात्री देता येत नाही असं ते संग्रहालय स्वतः सांगतं. एवढी मोठी संस्था इतकं जपून बोलते, तर पाच मिनिटांत ‘तानाजीच्या काळातली’ म्हणून तलवार हातात देणाऱ्यावर विश्वास ठेवायचं काही कारण नाही. वस्तू खरंच शंभर वर्षांहून जुनी निघाली तर तिला १९७२ चा पुरावशेषांचा कायदा लागू होतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकांना भेट पाठवायचा विचार असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

कायद्याचा दुसरा भाग जास्त जवळचा आहे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम यांच्या यादीत तलवारी, खंजीर, भाले आहेत, आणि घरगुती किंवा शेतीच्या कामाची नसलेली, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारंही आहेत. ‘लायसन्स लागत नाही’ हे विक्रेत्याचं वाक्य तुमच्या कामाचं नाही. घेण्याआधी आपल्या पोलीस ठाण्यात विचारा, धार न लावलेलीच वस्तू घ्या, बिलावर ‘बोथट, शोभेची प्रतिकृती’ असं लिहून घ्या. मिरवणुकीत, फोटोसाठी, वाढदिवसाचा केक कापायला ती बाहेर काढू नका. केक कापणाऱ्यांवर गुन्हे दाखल झालेत आणि त्यात या नादाचंही नाव खराब होतं.

घरी आणल्यावर पातं कोरड्या सुती कापडाने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. पावसाळ्यात, कोकणात तर विशेष, चामड्याच्या म्यानेत पातं ठेवू नका. म्यान शेजारी वेगळी ठेवा. खंडेनवमीला पूजा जरूर करा, पण ओली हळद-कुंकू आणि फुलं रात्रभर पात्यावर राहिली की डाग खोल जातात. संध्याकाळी पुसून पुन्हा तेल लावा. लिंबू-चिंच लावून घासणं तर अजिबात नको.

आणि एक वही करा. प्रत्येक वस्तूचं वजन, मापं, कुणी घडवली, कोणत्या साली, कोणत्या मूळ शस्त्रावरून, हे तिच्यात लिहा. कारागिराला सांगून मुठीच्या आत, सहज न दिसणाऱ्या जागी, साल आणि त्याचं नाव ठोकून घ्या. तुमच्यानंतर ती कुणाच्याही हातात गेली तरी तिला कुणी अस्सल म्हणून विकू शकणार नाही.