सातव्या पानावरचा आकडा

चि.,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि बेदाण्याच्या शेडमधली ओल मोजून इशारा देणाऱ्या तुझ्या यंत्राचा सोबतचा व्यवसाय आराखडा, दोन्ही वाचले. जिल्हा पातळीवरच्या स्पर्धेत तुला पहिला क्रमांक मिळाला तेव्हा एका परीक्षकाने सांगितले की यंत्र विकत बसू नकोस, मोबाइल ॲप काढ. पुढच्या फेरीत दुसऱ्याने सांगितले की ॲपसाठी शेतकरी पैसे मोजत नाही, यंत्र भाड्याने दे. तिसऱ्या ठिकाणी सल्ला मिळाला की हे सगळे सोड आणि स्वतःच्या नावाने बेदाण्याची पाकिटे विक. प्रत्येक वेळी तू आराखडा बदललास आणि आता मला विचारतेस की फेब्रुवारीतल्या अंतिम फेरीत यांपैकी कोणता मांडावा. पत्राच्या शेवटी तू लिहिले आहेस की आपण नेमके काय विकतो आहोत हे आता आपल्यालाच कळेनासे झाले आहे. ते वाक्य वाचून मी हातातले काम बाजूला ठेवले आणि हे पत्र लिहायला घेतले.

तू कष्टाळू आहेस, तुझे यंत्र चालते आणि तू कोणाला फसवायला निघालेली नाहीस, हे मी गृहीत धरतो. त्यावर शाई खर्च करत नाही.

मला तुझ्या आराखड्याच्या सातव्या पानाबद्दल बोलायचे आहे. तिथे तू देशातल्या बेदाण्याची एकूण उलाढाल दिली आहेस आणि खाली लिहिले आहेस की यातला फक्त एक टक्का हिस्सा मिळाला तरी तिसऱ्या वर्षी कंपनी नफ्यात येईल. हा एक टक्का कोण आहे? त्याचे गाव कोणते, त्याची शेड किती टनांची, आणि तुझ्या यंत्राची किंमत ऐकल्यावर तो काय म्हणाला? यातले एकही उत्तर तुझ्याकडे नसेल तर तो आकडा तुझा नाही, तो तू कुठून तरी उचललेला आहे. आराखड्यातला प्रत्येक आकडा हा तू स्वतः भेटलेल्या माणसाकडून आलेला असावा. माझ्या इतक्या वर्षांच्या धंद्यात मी हे एकच तत्त्व मानत आलो आहे आणि या पत्रात मी ते तुला पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

तुझ्याच विषयातले उदाहरण घेऊ. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात द्राक्षे डिपिंग ऑइल (द्राक्षे लवकर वाळावीत म्हणून वापरायचे तेल) आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात भिजवून किंवा त्याची फवारणी करून रॅकच्या जाळ्यांवर पसरतात, सावलीत साधारण पंधरवडाभर वाळवतात, आणि सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. या पंधरवड्यात अवकाळी पाऊस आला किंवा हवेत ओल धरली तर माल काळपट पडतो आणि हिरव्या मालाचा भाव हातचा जातो. इथपर्यंत तुझा आराखडा चोख आहे. त्यापुढे तू लिहितेस की ओल वाढताच यंत्र शेडमालकाच्या मोबाइलवर संदेश पाठवील. मालक त्या वेळी सांगलीत आपल्या घरी झोपलेला असतो. रात्री दोन वाजता उठून शेडच्या बाजूंचा प्लॅस्टिकचा कागद सोडणारा माणूस शेडवरच राहणारा मजूर आहे. त्याच्याकडे कसला फोन आहे, रात्री तो चालू असतो का, शेडवर रेंज येते का, हे तू त्याला विचारले आहेस का? त्याहून मोठा प्रश्न असा की अनेकदा शेड एकाची असते आणि द्राक्षे दुसऱ्याची असतात. शेडमालक भाडे घेऊन मोकळा होतो आणि माल काळा पडला तर तोटा द्राक्षवाल्याला बसतो. मग ज्याचे नुकसान टळते तो यंत्र विकत घेणार, की ज्याच्या शेडमध्ये ते टांगायचे आहे तो? आणि पैसे कधी देणार? वाळवणीच्या दिवसांत त्याचा सगळा पैसा मजुरी, औषधे आणि वाहतूक यांत अडकलेला असतो; हातात रोकड येते ती माल सौद्याला, म्हणजे लिलावाला, लागून पेमेंट मिळाल्यावर. तुझ्या रोकड प्रवाहाच्या तक्त्यात मात्र फेब्रुवारीपासून दरमहा सारखी जमा दिसते. तो तक्ता संगणकावर बसून भरला आहे, हे कळायला मला अर्धे मिनिटही लागले नाही.

तीन परीक्षकांपैकी कोणाचे ऐकावे, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. ॲप, भाडे की पाकीट, हे परीक्षक ठरवू शकत नाहीत आणि मीही ठरवू शकत नाही. शेडमालक, द्राक्षवाला आणि तो मजूर यांच्याशी बोलल्यावर ते आपोआप ठरेल. परीक्षकांना मी नावे ठेवत नाही. मी स्वतः कितीतरी स्पर्धांमध्ये त्या टेबलामागे बसलो आहे. एका दुपारी लागोपाठ आराखडे ऐकायचे, प्रत्येकाला काही मिनिटे द्यायची आणि काहीतरी उपयुक्त बोलल्याचे समाधान घेऊन उठायचे, असे ते काम असते. तिथे सुचलेला सल्ला प्रामाणिक असतो. पण तो चुकला तर बोलणाऱ्याचे काहीच जात नाही. या स्पर्धांचा उगमही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात १९८४ मध्ये एमबीएच्या विद्यार्थ्यांनी अशी स्पर्धा सुरू केली, ती कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या अभिरूप न्यायालयाच्या धर्तीवर. तिथे खटला लढवायचा सराव होतो, निकालही लागतो, पण कोणाची जमीन जात नाही आणि कोणी तुरुंगात जात नाही. सराव म्हणून ही गोष्ट फार चांगली आहे. त्या निकालाने तू मात्र घरचा कारभार चालवू लागलीस. १९९८ मध्ये अमेरिकेतल्याच एमआयटी या विद्यापीठाच्या ५० हजार डॉलरच्या स्पर्धेत अकामाई ही इंटरनेट कंपनी अंतिम फेरीपर्यंत गेली, जिंकली नाही, आणि पुढच्याच वर्षी तिचे शेअर बाजारात आले. हरणारेच मोठे होतात असे काही यावरून सिद्ध होत नाही. परीक्षकांचा निर्णय आणि गिऱ्हाइकाचा निर्णय वेगवेगळ्या माहितीवर होतात, एवढेच मला दाखवायचे आहे.

माझी हकिगत तुला अर्धीच माहीत आहे. हळद शिजवण्याच्या कुकरचा कारखाना काढायचा ठरवला तेव्हा मी आणि माझा भागीदार एका निवड समितीपुढे आराखडा घेऊन गेलो होतो. त्यापूर्वी मी मोटारसायकलवरून गावोगाव हिंडलो होतो आणि माझ्या लक्षात आले होते की बहुतेक शेतकरी स्वतःचा कुकर घेत नाहीत. एक माणूस कुकर घेऊन शेतोशेत फिरतो आणि शिजवणीचे पैसे घेतो. म्हणजे माझे गिऱ्हाईक हजारो शेतकरी नव्हते, कुकर फिरवणारी मोजकी माणसे होती. त्यांची नावे माझ्या वहीत होती आणि आराखड्यात मी तेवढाच आकडा लिहिला. समितीला तो फार लहान वाटला. भागीदाराचे म्हणणे होते की सगळे हळद उत्पादक धरावेत, आकडा मोठा दिसेल, मंजुरी मिळेल आणि खरे काय ते पुढे बघता येईल. मी ऐकले नाही. निधी मिळाला नाही, भागीदार नोकरीसाठी पुण्याला गेला आणि कारखाना उभा राहायला मी योजले होते त्याहून बराच उशीर लागला. त्या उशिराची किंमत माझ्या घरच्यांनी मोजली, याची खंत मला आजही आहे. तो माणूस माझ्यापेक्षा चांगला विक्रेता होता आणि त्याच्याशिवाय मी बरीच गिऱ्हाइके गमावली असतील. तरीही तो आकडा मी आजही तेवढाच लिहीन. पहिल्या हंगामात जे कुकर गेले ते वहीतल्याच माणसांकडे गेले, आणि मोठा आकडा दाखवून पैसे आणले असते तर त्या आकड्याएवढ्या कुकरचे पत्रे कापून मी गोदामात रचून ठेवले असते. हा हट्ट होता असे लोक म्हणतात. असेल. त्या हट्टावर माझा कारखाना उभा आहे आणि त्याबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही.

आता फेब्रुवारीचे. अनेक महाविद्यालयांच्या उद्योजकता महोत्सवांच्या अंतिम फेऱ्या जानेवारी ते मार्चमध्ये येतात आणि बेदाण्याचा हंगामही नेमका तेव्हाच असतो. तू या फेरीला गेलीस तर आधी स्लाइड, मग सराव, मग प्रवास, असे हंगामातले ऐन दिवस जातील. ज्या धंद्याला वर्षातून एकच हंगाम मिळतो त्यात हे दिवस वाया घालवले तर पुढची संधी थेट पुढच्या वर्षी येते. म्हणून या वर्षी अंतिम फेरीला जाऊ नकोस. आयोजकांना आजच नम्रपणे कळव, म्हणजे प्रतीक्षा यादीतल्या कोणाला तरी संधी मिळेल. हे वाचून तुला राग येईल. येऊ दे. यंत्रे तयार आहेत, ती चार वेगवेगळ्या मालकांच्या शेडमध्ये टांग. पण फुकट टांगू नकोस. थोडे का होईना, पैसे घे आणि पावती दे. फुकट दिलेल्या वस्तूची तारीफ सगळेच करतात. जो पैसे देण्यापूर्वी घासाघीस करील तोच तुला खरी किंमत सांगेल, आणि जो नाही म्हणेल त्याचे कारण त्याच्याच शब्दांत लिहून घे. रोज रात्री किती वाजता संदेश गेला, कोणी पाहिला, कागद कधी सोडला, हे वहीत टिपत जा.

स्पर्धा कायमची सोड असे मी म्हणत नाही. अंतिम तारखेच्या धाकाने माणूस लिहितो, हा तिचा मोठा उपयोग आहे. शिवाय काही स्पर्धांचे बक्षीस म्हणजेच काम असते. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहात २०१८ पासून निवडलेल्या नवउद्योगांना शासनाच्या विभागांबरोबर प्रत्यक्ष काम करण्यासाठी कार्यादेश, म्हणजे कामाच्या ऑर्डरी, दिल्या जातात. अशा ठिकाणी जरूर जा, कारण तिथे जिंकल्यावर समोर वापरणारा उभा असतो. इतर ठिकाणी अर्ज करण्यापूर्वी अटी वाच. बक्षिसाची रक्कम रोख आहे की सेवांच्या रूपात, ती एकरकमी मिळते की टप्प्याटप्प्याने, बदल्यात कंपनीतला हिस्सा मागितला आहे का, हे सगळे लहान अक्षरांत लिहिलेले असते आणि तुझ्या वयाची मुले ते वाचत नाहीत. केवळ अर्जात रकाना आहे म्हणून प्रायव्हेट लिमिटेड कंपनीही काढू नकोस. उलाढाल शून्य असली तरी दरवर्षी लेखापरीक्षण आणि विवरणपत्रे चुकत नाहीत. आणि ओलावा मोजण्याच्या तुझ्या पद्धतीत खरोखर काही नवे असेल तर ते व्यासपीठावर उघड करण्यापूर्वी पेटंटचा तात्पुरता अर्ज कर. एकदा जाहीरपणे सांगितले की नावीन्याचा दावा धोक्यात येतो. व्यक्ती म्हणून ऑनलाइन अर्ज केल्यास शासकीय शुल्क १,६०० रुपये आहे, आणि संपूर्ण तपशील १२ महिन्यांच्या आत द्यावा लागतो, नाहीतर अर्ज सोडून दिला असे धरतात.

तुझ्या मित्राबद्दल तू ओझरते लिहिले आहेस की त्याला कॅम्पसमधून नोकरी लागली आहे आणि तो द्विधा मनःस्थितीत आहे. त्याला अडवू नकोस. सर्किट त्याने बनवले आहे, तेव्हा त्याचा वाटा किती, तो गेल्यावर काय आणि परत आला तर काय, हे आताच कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा. मैत्री आहे म्हणून हे टाळू नकोस. माझे आणि माझ्या भागीदाराचे काहीच लिहिलेले नव्हते आणि पुढे कित्येक वर्षे आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही.

सातवे पान मार्चअखेर नव्याने लिही. देशाची उलाढाल, एक टक्का, तिसऱ्या वर्षाचा नफा, सगळे काढून टाक. किती शेडमालकांना भेटलीस, किती जणांनी पैसे दिले, किती जणांनी नाही म्हटले आणि का, एवढेच त्यावर असू दे. ते पान अर्धेच भरले तरी चालेल, पण त्यातला प्रत्येक आकडा तू भेटलेल्या माणसाचा असला पाहिजे. ते घेऊन ज्या स्पर्धेला जाशील तिथे परीक्षक काहीही सुचवोत, तुला आराखडा बदलावा लागणार नाही. फार तर त्यांचे म्हणणे घेऊन तू पुन्हा शेडवर जाशील आणि विचारून येशील.

तासगावच्या सौद्याला एकदा तरी जा. भाव कसा फुटतो, काळपट मालाला किती कमी मिळतात आणि पेमेंट किती दिवसांनी होते, हे तिथे एका सकाळी कळते. जायचे ठरले की आदल्या दिवशी मला फोन कर. तिथले दोन अडते माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना तुझ्याबद्दल सांगून ठेवतो. ते बोलायला तुसडे आहेत, पण विचारलेले खरे सांगतात.

तुझा,
काका